जॅमच्या बाटलीवरचा ३३० आणि डुकराची चरबी

गणपतीला पंधरा दिवस उरले होते. कुडाळच्या बाजारात आमच्या बचत गटाचं टेबल लागलं होतं. कोकम सरबत, आंब्याचा जॅम, फणसपोळी, कुळथाचं पीठ. मुंबईहून आलेली एक ओळखीतली मुलगी जॅमची बाटली हातात घेऊन मागचं लेबल वाचत होती. मग तिनं मोबाइल काढला, बाटलीशेजारी धरला, दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं आणि बाटली हळूच जागेवर ठेवली. म्हणाली, "काकू, ह्येच्यात डुकराची चरबी घालतत म्हणे, खरा काय?"

तो जॅम मी माझ्या हाताने ढवळलेला. मी माळकरी आहे. माळ घातली त्याला आता एकोणीस वर्षं झाली. घरात नवरा, मुलगे, सून सगळे मासे खातात. माझा तवा, माझी कढई वेगळी. त्या दिवशी मला राग आला तो मुलीचा नाही. तिच्या आईने मागे माझ्याबरोबर आळंदीला पायी वारी केली आहे, शिवराक, म्हणजे शाकाहारी, घर आहे त्यांचं. तिची भीती खरी होती. खोटा होता तो मोबाइलमधला मेसेज. संध्याकाळपर्यंत आणखी चार जणांनी तोच मेसेज दाखवला आणि परत जाताना जॅमच्या बाटल्या जवळजवळ तेवढ्याच होत्या.

मेसेज तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय की पाकिटावर जे ई-नंबर असतात ते डुकराच्या चरबीचे गुप्त कोड आहेत. खाली शंभरेक आकड्यांची यादी. हिरवा ठिपका पैसे टाकले की मिळतो. साखर हाडांच्या कोळशाने पांढरी करतात. जेली, कॅप्सूल, चीज, वर्ख, लाल रंग सगळं प्राण्यांचं. म्हणून पाकीटबंद सगळं सोडा, सुटं आणि बाहेरचं ताजं खा. शेवटी अमुक लोकांच्या बेकरीतून काही घेऊ नका, अशीही एक ओळ. या मेसेजमध्ये खोटं पुष्कळ आहे आणि थोडं खरंही आहे. दोन्ही सांगते. खरं लपवून खोटं खोडता येत नाही.

"ई-नंबर म्हणजे डुकराच्या चरबीचे कोड"

हे सरळ खोटं आहे. ई-नंबर युरोपात ठरले. आपल्याकडच्या लेबलवर त्याच आकड्यांमागे आयएनएस लिहिलेलं असतं; ती यादी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मंडळाची. पदार्थात जे काही रंग, टिकाऊपणा, आंबटपणा, दाटपणा आणण्यासाठी घातलं जातं त्याला एक नाव आणि एक आकडा, इतकंच. शंभरपासून रंग, दोनशेपासून टिकवणारी द्रव्यं, चारशेच्या घरात घट्ट करणारी. आकडा गुप्त नसतो. उलट आत काय आहे ते कोणत्याही भाषेच्या माणसाला कळावं म्हणूनच तो आहे.

मेसेजमधल्या यादीत १०० आहे. १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग. १६३ आहे, फळाफुलांतल्या लाल-जांभळ्या रंगांचा तो गट, आमच्या कोकमाचा रंग त्यातलाच. ३३४ म्हणजे चिंचेतलं आम्ल. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. ४४० म्हणजे पेक्टिन, जे लिंबूवर्गी फळांच्या सालीतून आणि सफरचंदाच्या चोथ्यातून काढतात. पिकल्या पेरूची जेली आपोआप घट्ट होते ती त्याच्यामुळेच. ५०० म्हणजे सोडा, जो भजीच्या पिठात आपण चिमूटभर घालतो. यादी करणाऱ्याने एकही आकडा उघडून पाहिला नव्हता. शंभरापासून सुरुवात करून आकडे लिहीत गेला, एवढंच दिसतं.

आता आमच्या बाटलीवरचे दोन आकडे: ४४० आणि ३३०. ४४० वर सांगितलं. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, बाजारात ज्याला लिंबूसत्त्व म्हणतात. ते आता लिंबातून काढत नाहीत. उसाची मळी किंवा मक्यापासूनची साखर यांवर एक काळी बुरशी वाढवून ते करतात. शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे. यात प्राणी कुठेच येत नाही.

या ३३०च्या नशिबी बदनामी जुनीच आहे. फ्रान्समध्ये १९७६ च्या सुमाराला एक पत्रक हातोहात फिरलं. पॅरिसजवळच्या व्हिलज्वीफ गावातल्या कॅन्सर रुग्णालयाच्या नावाने ते फिरत होतं, आणि त्यात ३३० हा सगळ्यांत घातक कॅन्सरकारक ठरवला होता. रुग्णालयाने आपला त्याच्याशी संबंध नाही म्हणून सांगितलं, तरी लोक ते टाइप करून, झेरॉक्स काढून वाटत राहिले. शरीरात ऊर्जा तयार होण्याच्या क्रियेत सायट्रिक आम्ल येतं. त्या क्रियेला शास्त्रज्ञ हान्स क्रेब्स यांचं नाव आहे, आणि जर्मनमध्ये क्रेब्स म्हणजे कॅन्सर. त्या नावाच्या गोंधळातून हे झालं असावं, असं म्हणतात. तिकडे ३३० कॅन्सर झाला, इकडे डुक्कर झाला. आकडा तोच, लिंबाच्या आंबटपणाचा.

तरी एवढ्याने भीती जाणार नाही हे मला माहीत आहे, कारण ती उगाच आलेली नाही. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचली आहे आणि मेसेजमध्येही ती मुद्दाम घातली आहे. पण त्याहून जवळची गोष्ट १९८३ ची. परदेशातून आलेली गुरांची चरबी वनस्पती तुपात मिसळल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ झाला. माझ्या आईने त्या वर्षी डालडाचा डबा घरातून बाहेर काढला तो परत आणला नाही. दिवाळीचे शंकरपाळे तेलावर झाले. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या बटाट्याच्या फ्राइजमध्ये गोमांसाचा अर्क असल्याचं २००१ मध्ये बाहेर आलं, तिथल्या हिंदूंनी दावा लावला आणि कंपनीने २००२ मध्ये एक कोटी डॉलर देऊन तो मिटवला. फसवणूक होते. म्हणून तर कुठे होते आणि कुठे होत नाही हे नेमकं कळायला हवं. शंभर आकड्यांची भीती घेऊन बसलं की ज्या दोन-चार आकड्यांवर खरोखर विचारायला हवं ते त्या गर्दीत हरवतात.

"६३१ म्हणजे डुकराची चरबी, चिप्स आणि नूडल्समध्ये असते"

हा त्या दोन-चारांतला एक. इथे मेसेज अर्धा खरा आहे.

६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट. जिभेला मटणा-माशाच्या रश्शाची जी भरलेली चव लागते ती वाढवणारं द्रव्य. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा या जपानी संशोधकाने ते सुकवलेल्या माशातून ओळखलं. तो मासा आपल्या कुप्याच्या नात्यातला. सुकी मासळी थोडी घातली की अख्ख्या भाजीला चव येते, हे आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत आहे. त्या चवीमागे असलीच द्रव्यं असतात. ती मांसात असतात, चरबीत नव्हे, त्यामुळे "डुकराची चरबी" हे तर साफ चूक. पण मांसापासून किंवा माशापासून ६३१ करता येतं, हे खरं. साबुकंदाच्या पिठासारख्या पिष्टापासून, जंतूंकडून आंबवूनही करता येतं आणि कारखान्यांत आता तीच पद्धत मोठी आहे. अडचण अशी की पाकिटावरचा आकडा दोन्हींसाठी एकच. ६२७ बरोबर मिसळून ६३५ या नावानेही ते येतं.

हाच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं की घटक नुसत्या कोडने लिहून भागणार नाही. तो वनस्पतीचा आहे, प्राण्याचा आहे की प्रयोगशाळेत केलेला, तेही उघड करायला हवं, आणि प्राण्याचा अंश कितीही थोडा असला तरी तो पदार्थ मांसाहारीच धरायचा. मला हा आदेश फार मोलाचा वाटतो. ज्यांना अन्नाचा नेम पाळायचा आहे त्यांना काय खातोय ते कळण्याचा हक्क आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे.

मग चिप्सच्या पाकिटावर ६३१ दिसला तर काय करायचं? हिरवा ठिपका आहे का पाहायचं. असेल तर कायद्याने ते आंबवून केलेलं किंवा वनस्पतीचंच असायला हवं. ठिपका नसलेलं, परदेशातून कुणी आणलेलं पाकीट असेल तर मी खात नाही. दुबईहून येणाऱ्या पुतण्याच्या बॅगेतली नूडल्स मी याच कारणाने बाजूला ठेवते.

"४७१ – बिस्किट, पाव, आइस्क्रीम, सगळ्यात चरबी"

४७१ हे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं द्रव्य. कोणत्याही तेलाचं किंवा चरबीचं करता येतं: पाम, सोयाबीन, तसंच गुरांची किंवा डुकराची चरबी. इथेही आकड्यावरून मूळ कळत नाही, आणि तयार बिस्किट तपासून ते मूळ शोधणंही सोपं नाही. म्हणून मेसेज म्हणतो तसं "सगळ्यात चरबी" हे खोटं, पण विचारण्यासारखा आकडा आहे हे खरं. आपल्याकडे पामतेल स्वस्त आणि भरपूर आहे. हिरव्या ठिपक्याच्या पाकिटात ४७१ वनस्पतीचंच असायला हवं.

चॉकलेटवरच्या ४७६ वरून मेसेजमध्ये फार आरडाओरडा आहे. ४७६ हे एरंडेल तेलापासून करतात. लहानपणी आईने नाक दाबून पाजलेलं तेच एरंडेल. ३२२ हे बहुतेक वेळा सोयाबीनचं लेसिथिन.

आइस्क्रीमबद्दल एक वेगळी गोष्ट सांगावीशी वाटते. कायद्याने आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश निदान १० टक्के लागतो. दुधाऐवजी वनस्पतीचं तेल घातलेलं असेल तर डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहावं लागतं. 'चरबी' म्हणून जी बोंब उठते ती पुष्कळदा या पामतेलाचीच असते. ते आवडो न आवडो, ते शिवराक आहे.

"हिरवा ठिपका पैसे देऊन मिळतो"

ठिपका कुणी देत नाही आणि तो विकतही मिळत नाही. करणारा तो स्वतः छापतो आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर येते. हीच त्याची कमजोरी आणि हेच त्याचं बळ. आमच्या बाटलीवरचा ठिपका आम्ही छापला; तो खोटा निघाला तर अन्नसुरक्षा कायद्याखाली चुकीच्या लेबलसाठी तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या गटाच्या वर्षाच्या कमाईचा विचार करता तो आकडा आम्हाला झोपू देणार नाही. पाकिटावर १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक असतो, तोही पाहावा. शंका असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत तक्रार देता येते. मी एकदा दिली आहे. अर्ज साध्या मराठीत लिहिला होता आणि तो घेतला गेला.

ठिपक्याचे नियम २००१ मध्ये आले. पुढे मांसाहाराची खूण बदलून तपकिरी त्रिकोण केली, कारण रंगांधळ्या माणसांना हिरवा आणि तपकिरी गोल सारखेच दिसतात. आणि जी गोष्ट मेसेज करणाऱ्याने सांगायला हवी होती ती त्याने सांगितलीच नाही. २०२० च्या नियमांत मांसाहारी अन्नाच्या व्याख्येत किडेसुद्धा धरले आहेत, अंडी धरली आहेत, पण दूध, मध, मधमाश्यांचं मेण आणि लाख वगळली आहेत. म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी शेलॅक, आकडा ९०४, चकचकीत गोळ्यांवर किंवा फळांवर लावलेली असली तरी ठिपका हिरवाच राहतो. ९०१ हे मेण, त्याचंही तेच. मी मध खाते. आमच्या बाजारपेठेतलं जैन व्यापाऱ्यांचं घर मध खात नाही, आणि त्यांच्यासाठी कंदमुळांचाही प्रश्न आहे. कायद्याचा ठिपका एक आहे, नेम घरागणिक वेगळे आहेत. ज्याचा नेम कायद्यापेक्षा कडक आहे त्याने ९०१ आणि ९०४ हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. शंभर नकोत.

"साखर हाडांची"

काही देशांतल्या ऊस-साखर शुद्धीकरणाच्या कारखान्यांत रंग काढायला हाडांचा कोळसा वापरतात, हे खरं. अमेरिकेत शाकाहारी लोक साखरेबद्दल विचारतात ते त्यामुळे. आपल्या सहकारी कारखान्यांची पद्धत वेगळी. उसाचा रस तापवून त्यात चुन्याची निवळी घालतात आणि गंधकाचा धूर सोडतात. मळ खाली बसतो, रस निवळतो. महाराष्ट्रात घाटावर ज्यांच्या नातेवाइकांचा ऊस कारखान्याला जातो त्यांना हे विचारून बघा. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात तर गुळाचा रस निवळायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. एवढं असून ज्याला शंकाच नको त्याने गूळ वापरावा. आमच्या मोदकाच्या सारणाला तसाही गूळच लागतो.

"जेली, कॅप्सूल, वर्ख, चीज, लाल रंग"

हे सगळं मेसेजने एका ओळीत कोंबलं आहे. यातलं प्रत्येक वेगळं आहे.

जिलेटीनबाबत मेसेज बरोबर आहे. जिलेटीन हे प्राण्यांपासूनच होतं, बहुतेक वेळा गुराढोरांच्या हाडांपासून, कातडीपासून किंवा डुकराच्या कातडीपासून, कधी माशांपासून. वनस्पतीचं जिलेटीन अशी वस्तू नाही. परदेशातल्या मऊ चघळायच्या गोळ्या, मार्शमेलो यांत ते असतं. पण आपल्याकडे हिरव्या ठिपक्याची जेली समुद्री शेवाळापासूनच्या चायना ग्रासवर, म्हणजे ४०६ वर, किंवा ४०७ वर होते. तेही शेवाळाचंच. आपल्याच खडकांवर ओहोटीला जे लाल-तपकिरी शेवाळ दिसतं त्याच्या भाऊबंदांपासून.

कॅप्सूलचं टोपण मात्र बहुतेक वेळा जिलेटीनचं असतं, आणि औषधांना ठिपक्याचा नियम नाही. इथे मला कळकळीने सांगायचं आहे. आमच्या वाडीतल्या एका आजोबांनी हा मेसेज वाचून डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूल मध्येच बंद केल्या. घरच्यांना आठवड्याने कळलं, तोवर त्यांची तब्येत बिघडली होती. औषध बंद करायचं नसतं, विचारायचं असतं. त्याच औषधाची गोळी किंवा पातळ औषध मिळतं का, वनस्पतीच्या सेल्युलोजची कॅप्सूल मिळते का, हे डॉक्टरांना आणि औषधाच्या दुकानात विचारता येतं. आजोबांना गोळ्या मिळाल्या. माळ तशीच राहिली आणि औषधही सुरू राहिलं.

वर्खाबाबत भीती रास्त आहे. चांदीचा तुकडा गुरांच्या आतड्यांच्या किंवा कातडीच्या थरांत ठेवून कुटण्याची जुनी पद्धत होती. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वर्ख करताना कोणत्याही टप्प्यावर प्राण्यांपासूनची वस्तू वापरायची नाही, असा नियम काढला. यंत्रावर, खास कागदांत केलेला वर्ख मिळतो. पण सुट्या मिठाईवरचा वर्ख कुठला ते बघून कळत नाही. मी वर्खाशिवायची बर्फी घेते. चवीत काही फरक पडत नाही.

चीज घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरत आणि युरोपातल्या काही चीजमध्ये अजूनही तेच लागतं. इटलीचं अस्सल पार्मेझान त्याशिवाय होतच नाही. हिरव्या ठिपक्याच्या भारतीय चीजमध्ये जंतूंपासून किंवा बुरशीपासून केलेलं रेनेट असतं. पनीरला तर रेनेट लागतच नाही, लिंबू पुरतं.

लाल रंगाचा घोटाळा नावाचा आहे. १२० म्हणजे कार्माइन, निवडुंगावरच्या किड्यांपासूनचा रंग. १२२ म्हणजे कार्मोइसिन. तो पूर्ण रासायनिक, त्यात किडा नाही. नावं सारखी म्हणून मेसेजने दोन्हींना किडा केलं.

"अमुक लोकांच्या बेकरीतून घेऊ नका"

पावात घालायची पावडर, मैदा, वनस्पती तूप सगळ्या बेकऱ्यांना त्याच घाऊक दुकानांतून जातं. भट्टीवाल्याचा धर्म बघून ४७१ बदलत नाही. आमच्या गावात पहाटे सायकलवरून पाव येतो तो माझ्या सासऱ्यांच्या काळापासून त्याच घरचा. मी त्यांना एकदा विचारलं होतं की वर चमक यायला अंडं लावता का. त्यांनी सांगितलं, केकला आणि क्रीमरोलला अंडं, पावाला नाही. आणि माझ्यासमोर भट्टीजवळच्या भिंतीवर खडूने लिहिलं. असं उत्तर पाकिटावरही मिळत नाही. विषय अन्नाचा होता, त्यात माणसं तोडायची ओळ कुणी घातली आणि का, हे प्रत्येकाने पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारावं.

"पाकीटबंद सोडा, सुटं आणि बाहेरचं ताजं खा"

हा मेसेजमधला सगळ्यांत चुकीचा सल्ला आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर तर फारच.

माझी माळ एकोणीस वर्षांत दोनदाच बाटली, आणि दोन्ही वेळा पाकीट मध्ये नव्हतं. एकदा हायवेवरच्या एका खानावळीत वांग्याची भाजी घेतली. 'शिवराक आसा ना?' म्हणून विचारलं होतं, मुलाने मान हलवली होती. दुसऱ्या घासाला दाताखाली जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, आला. त्या मुलाने खोटं सांगितलं नव्हतं. त्याच्या डोक्यात वशाट म्हणजे बांगडा, सुरमई, कोंबडी. भाजीत चिमूटभर सुका जवळा ही त्याच्या आईची भाजीच होती. माठात जवळा, दुधीत सोडे, वालात कोलीम, हे इथे घरोघर होतं आणि छान होतं. त्याला कुणी 'लपवलेलं' म्हणत नाही, ते चवीसाठी असतं. त्याच्यावर नंबर नाही, ठिपका नाही, आणि कोणत्याही मेसेजच्या यादीत ते नाही.

दुसऱ्या वेळी भजी. बोंबील ज्या तेलात तळले त्याच तेलात कांदाभजी. वासाने कळलं, पण घास गिळल्यावर. तेव्हापासून मी गाड्यावर विचारते, "कढई एकच काय?" एक असेल तर चहा घेते आणि निघते.

आणखी काही जागा सांगते. मालवणी मसाला स्वतः शिवराक आहे: मिरची, धणे, दगडफूल, तिरफळ. पण खानावळीतलं वाटप एकाच टोपात असतं आणि पळी दोन्हीकडे फिरते. माशाच्या कढीतून निघून डाळीत जाते. सोलकढी मात्र निर्धास्त घ्या, कोकमाचं आगळ आणि नारळाचा रस, वशाट काही नाही. फक्त पळी कुठली ते बघा. चायनीजच्या गाडीवर 'व्हेज' लिहिलेल्या भातात कोंबडीच्या सूपची पावडर किंवा ऑयस्टर सॉस जाऊ शकतो, आणि अंडा-भात त्याच कढईत झालेला असतो. इंग्रजी पद्धतीच्या वूस्टर सॉसमध्ये मुळात अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात. भारतीय हिरव्या ठिपक्याचा असेल तर चालतो, नाहीतर नाही. समुद्राकाठच्या लोकांना ठाऊक असलेली एक गोष्टही इथेच सांगते: घोळ माशाच्या पोटातलं बोत, म्हणजे हवेची पिशवी, सोन्याच्या भावाने परदेशी जातं. माशांच्या अशाच पिशव्यांपासून आयसिंग्लास होतं आणि त्यावर कित्येक पिढ्या बियर आणि वाइन निवळत आल्या. माळकऱ्याला त्या बाटलीशी देणंघेणं नाही, पण 'मी फक्त बियर घेतो, वशाट नाही' म्हणणारे आमच्या गावात आहेत, त्यांनी हे ऐकावं.

म्हणून सुटं खायचं तर विचारून खायचं. 'शिवराक आहे का' एवढंच विचारून पुरत नाही, हे मी जवळ्यावरून शिकले. आता मी नाव घेऊन विचारते: जवळा आहे का, सुकट आहे का, अंडं आहे का, कढई कुठली, पळी कुठली. लोक चिडत नाहीत. उलट खानावळीची बाई कित्येकदा म्हणते, "थांब गो काकू, तुझ्यासाठी वेगळा करतंय."

त्या जॅमच्या मुलीला मी तिथेच इतकं सगळं सांगू शकले नाही, गर्दी होती. पण घरी येऊन गटातल्या बायकांशी बोलले आणि आम्ही लेबल बदललं. नियमाप्रमाणे आकडे आहेतच, त्यांच्यासमोर आता मराठीत लिहिलं आहे: '४४० – फळांच्या सालीतलं पेक्टिन, ३३० – साखरेवर बुरशी वाढवून केलेलं लिंबूसत्त्व. प्राण्यांपासून काही नाही.' त्याआधी पेक्टिन पुरवणाऱ्याकडून लेखी मागून घेतलं. तो कागद टेबलावर काचेखाली ठेवतो, कुणीही वाचावा.

नानकटाईचं मात्र अडलं. बेकरीच्या मार्गारिनमध्ये ४७१ होतं. पुरवठादार फोनवर म्हणाला, "व्हेजच आहे ताई." मी म्हटलं, लिहून द्या. अजून दिलेलं नाही. तोवर आम्ही नानकटाई तुपात करतोय. किलोमागे खर्च बराच वाढतो आणि ती थोडी जास्त ठिसूळ होते.